मास्तरांचं पेडल

मिस्त्रींना आपला साडू डोळ्यांसमोर नको व्हायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, उगाच आडपडदा कशाला! साडू वाईट माणूस होता का? मुळीच नाही. हसतमुख, गोड बोलणारा, चष्म्याचं दुकान चालवणारा साधा गृहस्थ. तेच तर मिस्त्रींना सलायचं. माणूस जरा तरी नालायक असता, तर त्याच्यावर जळताना मनाला टोचणी लागली नसती.

मिस्त्री म्हणजे आपल्या भागातले ब्रेकवाले मिस्त्री. बस डेपोच्या मागच्या रस्त्यावर पत्र्याची शेड, आत एक खड्डा, दोन जॅक आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. इंजिनाला हा माणूस हात लावत नाही. कुणी म्हटलं, "मिस्त्री, जरा कार्बुरेटर पण बघा ना," तर म्हणणार, "गाडी पळवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जा. मी थांबवणारा आहे." वय एक्कावन्न. ब्रेक ऑइलच्या वासाची नाकाला इतकी सवय, की घरी साबणाचाच वास त्यांना जास्त उग्र वाटतो.

त्यांचे सासरे म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंगचे. चाळीस वर्षं त्यांनी एकाच फिक्या पिवळ्या गाडीवर अर्ध्या गावाला गाडी शिकवली. आज जो दूधवाला टेम्पो पळवतो, जी डॉक्टरीणबाई दवाखान्यात जाते, ते सगळे मास्तरांच्या शिव्या खाऊन तयार झालेले. शिकवण्याच्या गाडीला असतं तसं त्या गाडीत दोन ब्रेक पेडल होती. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरं शेजारी मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गडबडला की मास्तर आपलं पेडल दाबायचे, गाडी जागच्या जागी थांबायची, आणि मग जे काही सुरू व्हायचं ते रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची.

ते दुसरं पेडल मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं बनवलेलं. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. मास्तरांचं जुनं पेडल मोडलं होतं आणि नवीन कुठं मिळेना. या पोरानं लोखंडी पट्टी कापली, तापवून वाकवली, वेल्डिंग केलं, वर रबर चढवलं आणि सळईनं मुख्य पेडलला असं जोडलं की दोन्ही एकदम खाली जायची. मास्तरांनी दाबून पाहिलं. काही बोलले नाहीत, पण दोन महिन्यांनी थोरल्या मुलीसाठी विचारणा घेऊन स्वतः शेडवर आले. तेव्हापासून बावीस वर्षं त्या गाडीचे ब्रेक मिस्त्रींनीच पाहिले. गाडीखाली पाठीवर पडून त्यांनी जेवढा वेळ काढला, तेवढा सासऱ्यांसमोर बसून काढला नसेल.

मग गेल्या वर्षी मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ड्रायव्हिंगची शाळा बंद झाली. दवाखान्यातून घरी नेताना गाडी मिस्त्रींनी चालवली होती. इतकी अलगद, की मास्तर शेजारी बसल्या बसल्या घोरायला लागले. मिस्त्रींची छाती फुगली. ज्या माणसाला चाळीस वर्षांत कुणाच्या शेजारी डोळा लागला नाही, तो आपल्या शेजारी झोपला! आता गाडी कुणाला मिळणार हे काय सांगायला हवं?

महिन्याभरानं मास्तरांनी दोन्ही मुली आणि दोन्ही जावई घरी बोलावले. चहा झाला. मास्तर खुर्चीतून म्हणाले, "गाडी आता कुणीतरी घेऊन जा. दारात उभी राहून खराब होईल." खिशातून किल्ली काढली. मिस्त्रींचा हात आपोआप अर्धा पुढं गेला. आणि मास्तरांनी किल्ली टाकली ती धाकट्या जावयाच्या ओंजळीत.

त्या अर्ध्या पुढं गेलेल्या हाताचं आता करायचं काय? मिस्त्रींनी त्या हातानं कान खाजवला. नंतर कितीतरी दिवस त्यांना तो कान आठवून रात्रंदिवस चिडचिड व्हायची. कुणी पाहिलं असेल का? बायकोनं पाहिलं होतं, नक्की. ती त्या दिवसापासून त्यांच्याशी जरा जास्तच हळू बोलायला लागली, आणि तेही त्यांना सहन होईना.

बरं, चष्मेवाल्याला गाडी तरी धड येत होती का? लोकांना दूरचं दाखवणाऱ्या या माणसाला समोरचा गतिरोधक दिसायचा नाही! दर रविवारी तो मास्तरांना शेजारी बसवून फिरवायला न्यायचा आणि दर रविवारी संध्याकाळी मेहुणीचा फोन यायचा. मग मिस्त्रींची बायको हसत हसत सांगणार, "अहो, आज बाबांनी त्याला भर चौकात गाढव म्हटलं! म्हणाले, गाढवा, तुझ्यापेक्षा माझी काठी बरी वळते."

"यात हसण्यासारखं काय आहे?" मिस्त्री म्हणायचे.

खरं तर मिस्त्री आतून धुमसायचे, आणि तेही त्या गाढवावरून. मास्तरांनी मिस्त्रींना आजवर कधी गाढव म्हटलं नव्हतं. "या मिस्त्री, बसा मिस्त्री, चहा घ्या मिस्त्री." बावीस वर्षं पाहुण्यासारखं. आणि तो कालचा आलेला चष्मेवाला, त्याला घरच्या पोरासारखं झाडतात! साडूला मिळणाऱ्या शिव्यांचाही माणसाला हेवा वाटावा, म्हणजे कमाल झाली. पण वाटायचा, त्याला कोण काय करणार?

अशात एका मंगळवारी ती पिवळी गाडी शेडसमोर येऊन उभी राहिली. उभी कसली, दोन झटके देऊन बंद पडली. चष्मेवाला उतरला. हातात एक खोकं.

"दादा, तुमच्याकडेच आलोय," तो म्हणाला. "पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे आहेत. सामान आणलंय. आणि तो बूस्टर का काय, तोही."

मिस्त्रींनी खोकं उघडलं. दोन नव्या डिस्क, कॅलिपर, पॅड, बूस्टर, नवा मास्टर सिलिंडर. चांगलं सामान होतं. मनात म्हणाले, हं! बावीस वर्षं माझ्या ड्रम ब्रेकवर गाडी चालली तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. साहेबांच्या हातात आली आणि लगेच नटवायला निघाले!

"आहे तो ब्रेक काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईट नाही हो दादा. पण जड आहे. फार जोर लावावा लागतो. मला असा हवाय, की नुसता पाय टेकवला तरी गाडी थांबली पाहिजे. आणि ते बाजूचं पेडल आहे ना, त्याचं..."

"त्याचं मी बघतो."

"नाही, म्हणजे मी काय म्हणत होतो..."

"साडूसाहेब," मिस्त्री म्हणाले, "मी तुमच्या दुकानात येऊन कुठली काच लावा ते सांगतो का? शनिवारी गाडी घेऊन जा."

चष्मेवाला हसला, मान हलवली आणि रिक्षा शोधायला गेला. हा माणूस कधी भांडतही नाही, हा आणखी एक वैताग.

आता मिस्त्रींचं काम कसं असतं ते सांगायला हवं, कारण राग कितीही असो, कामात खोट काढायला जागा नसते. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. पुढची चाकं काढली, जुने ड्रम उतरवले. ड्रमच्या आतली झिजलेली गोलाई बोटानं पाहिली. त्यांनीच किती वेळा त्यातले झिजलेले ब्रेक शू बदलले होते. डिस्क बसवल्या, कॅलिपर आवळले, प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. मागचे ड्रम ठेवले तसेच, पण उघडून साफ केले. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या बाजूला बसवला, नवा सिलिंडर लावला, गंजलेल्या नळ्या फेकून नव्या टाकल्या. गुरुवारी दुपारपर्यंत हे सगळं झालं.

मग ते शेजारच्या सीटपुढं वाकले. तिथं ते पेडल होतं.

त्याचं रबर मधोमध झिजून खोलगट झालं होतं. मास्तरांच्या बुटाचा पुढचा भाग तिथं चाळीसपैकी बावीस वर्षं टेकला होता. मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला. वेल्डिंगचा तो पहिला वेडावाकडा टाका अजून दिसत होता, तेव्हा हात बसला नव्हता. त्यांच्या मनात आलं, साडूला तर हे काढूनच टाकायचंय. शिकाऊ गाडीची खूण ना ही! उद्या भंगारात जाईल. गाडी गेली, किल्ली गेली, शिव्यासुद्धा त्यालाच. निदान हे तरी माझं आहे. मीच बनवलंय.

त्यांनी सळई सोडवली, पेडल काढलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि हत्यारांच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात ठेवून दिलं. खणाला कुलूप लावलं. त्या कपाटाला आजवर कधी कुलूप लागलं नव्हतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी हवा सोडायचं निप्पल सैल करायचं. लग्न झाल्यापासून हे दाबायचं काम बायकोकडं. शुक्रवारी ती डबा घेऊन आली आणि सवयीनं स्टीअरिंगमागे जाऊन बसली.

"दाब," खालून मिस्त्री म्हणाले.

"दाबलं."

"धरून ठेव. हं, सोड. पुन्हा."

चारही चाकं होत आली तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे बाबांचं पेडल कुठं गेलं?"

खालून आवाज आला, "बूस्टर बसवल्यावर त्याला जागा राहत नाही."

धडधडीत खोटं! जागा इतकी होती, की दोन पेडल बसली असती. बायको उतरली, हात पुसले, डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांच्याकडं बघत राहिली. मिस्त्रींना पुन्हा तो कान आठवला.

शनिवारी चष्मेवाला गाडी घेऊन गेला. पेडल नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. डोळ्यांचा धंदा करतो म्हणे! तो पहिल्या वळणावर ब्रेक दाबून खिडकीतून ओरडला, "दादा, लोण्यासारखा लागतो हो!" आणि मिस्त्रींना, खरं सांगतो, कौतुकानं बरं वाटायच्या ऐवजी त्याच्या तोंडून ऐकल्याचा राग आला. कौतुक त्यांना मास्तरांकडून हवं होतं.

म्हणून रविवारी त्यांनी शेड बंद ठेवली. बायकोला म्हणाले, "चल, बाबांकडे जाऊ. ब्रेक कसा झालाय ते त्यांनी बघायला हवं." बायकोनं भुवया उंचावल्या, पण साडी बदलायला गेली.

दोघं पोचले तेव्हा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाचे बंद बांधून दारातच खुर्ची टाकून बसले होते. रविवारसाठी ते आठ वाजल्यापासून असे तयार बसतात, असं नवऱ्याबरोबर गाडीतून आधीच आलेली मेहुणी म्हणाली. मिस्त्रींना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या शेडला रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, ते कधी येणार!

चष्मेवाला स्टीअरिंगवर बसला, मास्तर शेजारी आणि मिस्त्री मागं. बायका घरीच राहिल्या. गाडी गल्लीतून निघाली, पाण्याच्या टाकीवरून चौकाकडे वळली. मिस्त्री मागून मास्तरांच्या मानेकडं बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील.

चौकाच्या अलीकडं एक सायकलवाला मध्ये आला. चष्मेवाला आपला निवांत! मास्तरांचा पाय उचलला गेला आणि जोरात खाली आला. धप्प. नुसत्या चटईवर. पाय पुन्हा उचलला, थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं शोधू लागला. अंधारात चप्पल शोधतो तसा. तेवढ्यात चष्मेवाल्यानं स्वतःच ब्रेक लावला आणि गाडी सायकलच्या चार हात अलीकडं अलगद थांबली.

मिस्त्रींनी शिवी ऐकायला कान टवकारले. मास्तर काहीच बोलले नाहीत.

पुढं पूल आला. चष्मेवाल्यानं चुकीचा गिअर टाकला, गाडी कण्हली. मास्तर गप्प. एका बसला त्यानं अगदी घासून वाट काढली. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. पाय मागं ओढून घेतलेले, सीटला चिकटून, दुसऱ्याच्या घरी बसतो तसे.

परत आल्यावर ते कष्टानं उतरले. मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम छान झालंय मिस्त्री. तुमचं काम छानच असतं. आता या गाडीला शेजारी कुणी बसायची गरज नाही." आणि काठी टेकत आत गेले. पुढच्या रविवारचं काही बोलले नाहीत.

हेच ते कौतुक. यासाठीच आले होते ना?

चष्मेवाला गाडीचं दार उघडून आत वाकून बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "पेडल? काल नव्या ब्रेकच्या नादात मी इकडं पाहिलंच नाही."

"तुम्हालाच नको होतं ना ते."

"मला? अहो, त्या पेडलसाठीच तर हे सगळं केलं!" त्यानं घराकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "ऑपरेशननंतर त्यांच्या पायात जोर राहिला नाही. जुना ब्रेक त्यांच्यानं लागत नव्हता. सहा महिने मी नाटक करतोय. ते त्यांचं पेडल दाबतात तेव्हा मी हळूच इकडून माझंही दाबतो, म्हणजे त्यांना वाटतं त्यांनीच थांबवली. पण माणूस हुशार, एक दिवस ओळखणार. म्हणून म्हटलं, ब्रेक इतका हलका करू, की त्यांच्या पायानं खरंच लागेल."

"नाटक? म्हणजे तुम्हाला गाडी..."

"येते हो. तुमच्याइतकी नाही, पण येते. त्यांनीच शिकवलीय ना! नीट चालवली की ते गप्प बसतात दादा. झोपून जातात. मी चुकलो की कसे ताठ होऊन बसतात, बघा कधी. घरी येऊन दोन पोळ्या जास्त जेवतात."

झोपून जातात. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातून येतानाचा तो रस्ता आला. फुगलेली छाती आली. आणि आता खरं ते सांगतो, तुम्हाला आवडो न आवडो. त्या क्षणी त्यांना साडूचं कौतुक वाटलं नाही. वाटला तो आणखी मोठा हेवा, आजवर वाटला नव्हता इतका. गाडीचा हेवा, किल्लीचा हेवा, शिव्यांचा हेवा हे सगळं एकीकडं. मास्तरांना काय हवं ते या चष्मेवाल्याला दिसलं, आणि बावीस वर्षं त्यांच्या पायाशी वाकून काम करणाऱ्याला दिसलं नाही! बरं, नुसतं दिसलं नाही असंही नाही. जे होतं तेही स्वतःच्या हातानं काढून कुलपात घातलं.

"किल्ली द्या," ते म्हणाले.

"दादा, मी येऊ का मदतीला?"

"नको," मिस्त्री म्हणाले. मग दाराशी थांबून, तोंड वाकडं करून, कसंबसं म्हणाले, "तुम्ही त्यांना जेवायला वाढा. सांगा, पेडल दुरुस्तीला नेलंय. दुपारी बसवून आणतो."

शेडमध्ये येऊन त्यांनी खण उघडला. तीन तास ते त्या पेडलशी झगडले. बूस्टरमुळं मुख्य पेडल आता थोडं वर आलं होतं, त्यामुळं जुनी सळई आखूड पडत होती. नवी कापली. टोकाला नवी खीळ बसवली. मग शेजारच्या सीटवर बसून नुसत्या अंगठ्यानं पेडल दाबून पाहिलं, सळई अर्ध्या इंचानं हलवली, पुन्हा दाबलं. रबर बदललं नाही. नवं कोरं रबर फळीवर पडलं होतं, त्याला हातही लावला नाही.

चार वाजता ते मास्तरांच्या दारात गाडी घेऊन उभे राहिले. चष्मेवाला पायरीवर बसला होता. तो उठून किल्ली घ्यायला पुढं आला.

"आज मी," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या रविवारपासून तुम्ही."

मास्तर शेजारी बसले, नाइलाजानं, थोडे कंटाळूनच. मग त्यांचा पाय खाली गेला आणि थांबला. बूट रबरातल्या खळग्यात बसला. त्यांची पाठ सीटपासून सुटली.

टाकीपाशी वळेपर्यंत मिस्त्रींनी गाडी नेहमीसारखी चालवली. पुढं चौक. सिग्नल लाल झालेला लांबूनच दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींनी पाय ब्रेकवरून काढून खाली ठेवला. फार अवघड गेलं हो! तीस वर्षांची सवय, पाय आपोआप पेडलकडं जायला बघत होता. समोरच्या टेम्पोचा पाठीमागचा पत्रा मोठा होत आला. ते तसेच बसून राहिले, खिडकीबाहेर बघत.

गाडी थांबली. झटका नाही, आवाज नाही. टेम्पोच्या दोन हात अलीकडं.

मास्तरांनी आधी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. नुसता टेकवला होता त्यांनी. आणि मग ते ताडकन वळले, मान लाल, मिशी थरथरतेय.

"अरे गाढवा! लक्ष कुठंय तुझं? डोळे घरी ठेवून आलास का? तीस वर्षं ब्रेक करतोस आणि लावायचा कधी ते कळत नाही? मी नसतो तर आज त्या टेम्पोत शिरला असतास! आं?"

मागून हॉर्न वाजायला लागले. शेजारच्या रिक्षातला माणूस मान बाहेर काढून बघत होता. मिस्त्रींनी बाहीनं डोळे पुसले.

"आता रडायला काय झालं?" मास्तर ओरडले. "हिरवा झालाय. पहिला टाक. आरशात बघ आधी!"

"हो मास्तर," मिस्त्री म्हणाले, आणि आरशात बघितलं.